रान वाफशावर येतं तेव्हा

बाळांनो, पाऊस पडला की शेतकरी लगेच पेरायला धावतो, असं चित्र शाळेच्या पुस्तकात असतं. खरं गाव तसं वागत नाही. मिरगाचा पाऊस धो धो कोसळतो, ओढे गढूळ होऊन वाहतात, मग आभाळ निवळतं, चांगलं ऊन पडतं आणि तरीही शिवारात एक औत दिसत नाही. तिफण पडवीत, बैल दावणीला, बियाण्याची पोती भिंतीकडेला. माणसं बांधाबांधानं फिरतात, वाकून माती उचलतात, बोटांत चुरून बघतात आणि घरी परततात. वाटेत कुणी विचारलं, "काय पाव्हणं, पेरणीचं काय?" की उत्तर ठरलेलं, "अजून वाफसा न्हाई."

आणि मग एका सकाळी तीच माणसं तांबडं फुटायच्या आत बाहेर पडतात. "उठा रं, रान वाफशावर आलंय!" म्हणून हाका सुरू होतात. कालपर्यंत निवांत असलेलं गाव त्या दिवशी जेवायलाही घरी येत नाही. असं काय घडलं त्या रात्रीत? आज मी तुम्हाला तीच गोष्ट सांगतो. ती सगळी जमिनीखाली घडते आणि तिच्यात पाणी, हवा आणि माती अशी तीन पात्रं आहेत.

आधी हा शब्द कानात नीट बसू द्या. देशावर म्हणतात वाफसा, विदर्भ-मराठवाड्यात बरेच जण म्हणतात वापसा, काही गावांत 'रान घातीला आलं' असंही बोलतात. वाफसा 'येतो', त्याला कुणी ओढून आणू शकत नाही. रान वाफशावर 'येतं'. ऊन कडक पडलं, वारा सुटला आणि वरची माती पार सुकली की वाफसा 'गेला'. मधेच एक सर आली की पुन्हा वाट बघायची. झड लागली, म्हणजे दिवसचे दिवस बारीक पाऊस धरून राहिला, की लोक उघडीप मागतात, आणि ती उघडीप हवी असते ती वाफशासाठी. 'त्यानं वाफसा धरून पेरलं' असं कुणी म्हणालं, तर समजा, त्या माणसाला जाणता म्हटलंय. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथली आपली चार कृषी विद्यापीठं पावसाळ्यात शेतकऱ्यांना सल्ला देतात, त्यातही 'जमिनीत वाफसा येताच' हेच शब्द असतात. अडाणी म्हणून ज्याला कुणी हसेल असा हा बांधावरचा शब्द, पण शास्त्रज्ञांनाही त्याच्यावाचून मराठीत बोलता येत नाही.

"म्हणजे आबा, माती वाळली की वाफसा?" थोरला विचारतो.

नाही रे बाळा. वाळलेल्या मातीत वाफसा नसतो आणि चिखलातही नसतो. दोन्हींच्या मधली एक जागा आहे. ती ओळखायची तर आधी मातीच्या आत शिरावं लागेल.

मूठभर चांगली माती घ्या. तुम्हाला वाटतं, मुठीत सगळी मातीच आहे. प्रत्यक्षात निम्मीच जागा कणांनी भरलेली असते. उरलेली निम्मी जागा मोकळी. त्या पोकळ्या सगळ्या एका मापाच्या नसतात. गांडुळानं केलेलं बीळ, कुजून गेलेल्या मुळाची उरलेली नळी, मातीच्या दोन बारीक गुठळ्यांमधली फट, या झाल्या मोठ्या पोकळ्या. आणि कणाकणांमधल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या, त्या झाल्या बारीक. जोराचा पाऊस पडतो तेव्हा या सगळ्या पाण्यानं भरतात आणि आतली हवा बाहेर ढकलली जाते. पाणी साचलेल्या रानात बुडबुडे येताना पाहिलेत ना? ती मातीतून हुसकून लावलेली हवा.

पाऊस थांबला की खेळ सुरू होतो. पृथ्वी पाण्याला खाली ओढते. पण पाण्याच्या रेणूंना दोन सवयी आहेत. ते एकमेकांना धरून राहतात आणि मातीच्या कणालाही चिकटतात. पोकळी जितकी अरुंद, तितकी ही पकड घट्ट. ३ मिलिमीटर रुंदीची काचेची नळी पाण्यात उभी केली तर पाणी तिच्यात जेमतेम एक सेंटिमीटर चढतं. पण नळी ०.०३ मिलिमीटरची असेल तर पाणी एक मीटरपर्यंत चढून तिथंच थांबू शकतं. म्हणून मोठ्या पोकळ्यांतलं पाणी पृथ्वी खेचून नेते आणि बारीक पोकळ्यांतलं तिला नेता येत नाही. मोठ्या पोकळ्या रिकाम्या झाल्या की वरून हवा आत शिरते. आता त्याच मुठीत पाणीही आहे आणि हवाही आहे. मध्यम प्रतीच्या चांगल्या जमिनीत अशा वेळी साधारण अर्धा भाग माती, पाव भाग पाणी आणि पाव भाग हवा असते. हाच वाफसा.

मातीशास्त्रात याच्या अगदी जवळच्या अवस्थेला फील्ड कपॅसिटी म्हणतात. तेव्हा माती पाण्याला साधारण एक तृतीयांश वातावरण, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या एक तृतीयांश, इतक्या दाबानं धरून असते. मुळाला एवढी ओढ सहज जमते. पुढं पाणी कमी होत जातं तशी मातीची पकड वाढत जाते. ती १५ वातावरणांच्या आसपास पोहोचली की बहुतेक पिकं हरतात आणि कोमेजतात. तेव्हाही मातीत पाणी असतं, पण ती ते सोडत नाही. या दोन टोकांच्या मधलं जे पाणी, तेच पिकाच्या कामाचं.

धाकटीचा प्रश्न येतो, "मग पाऊस थांबला की लगेच वाफसा का येत नाही?"

ते जमिनीवर अवलंबून असतं, बाई. माळाची मुरमाड जमीन असेल तर आज पाऊस झाला, उद्या वाफसा. पण काळ्या रानाचं तसं नाही. तिथं तीन-चार दिवस लागतात आणि आभाळ झाकोळलेलं राहिलं तर त्याहूनही जास्त. त्याचं कारण शोधायला मात्र आपल्याला फार मागं जावं लागेल.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या या दख्खनच्या जमिनीतून लाव्हारस बाहेर पडत होता. थर थंड होत होते, त्यांवर नवे थर चढत होते. आज तो खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीच्या कड्यांत त्याचे थर तुम्हाला मोजता येतात. हाच आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. ऊन, पाऊस आणि मुळं यांनी तो झिजवला आणि त्यातून जी माती झाली ती आपली काळी माती. तिच्यात एक विलक्षण खनिज आहे, मॉन्टमोरिलोनाइट. त्याचा कण दोन हजारांश मिलिमीटरपेक्षाही लहान. आणि त्या कणाची रचना कशी, तर पापडांची चळत ठेवावी तशी पातळ थरांवर थर. ओल मिळाली की पाणी थरांच्या मधे शिरतं आणि चळत फुगते. सुकली की पाणी निघून जातं आणि चळत बसते. या थरांचे सगळे पृष्ठभाग उलगडून मांडले, तर या खनिजाच्या एका ग्रॅमला ६०० ते ८०० चौरस मीटर भरतात. आपल्या हिशेबात सहा ते आठ गुंठे! चिमूटभर मातीत एवढं क्षेत्र, आणि त्या सगळ्याला पाणी चिकटणार. म्हणून काळी जमीन पाणी धरते ते उगाच नाही.

उन्हाळ्यात याच मातीला भेगा पडतात. कोपरापर्यंत हात आत जाईल अशा, आणि काही तर त्याहून खोल. लहान मुलांना वाटतं, जमीन तहानेनं फाटली. ते खरंच आहे, कारण चळत बसल्यावर माती आकसते आणि आकसायला जागा नसते म्हणून फाटते. पण या भेगा मोठं काम करतात. उन्हाळभर वरची भुरभुरीत माती, काडीकचरा, वाळली पानं त्यांच्यात पडत राहतात. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खोल जातो. मग खालून माती फुगते, भेगा मिटतात आणि आत पडलेली वरची माती तळाशी अडकते. वर्षानुवर्षं असं चालून ही जमीन स्वतःच स्वतःला खालीवर करत राहते. जगभरचे मातीशास्त्रज्ञ तिला व्हर्टिसॉल म्हणतात, उलथणारी माती.

पण भेगा मिटल्या की दारं बंद होतात. आता पाणी फार हळू मुरतं. वरून पाऊस चालूच राहिला तर रान चिबडतं. चिबड रानात पाय टाकला तर माती पायाला लपेटून वर येते, वखराच्या पासेला चिकटते, बैलाच्या खुरात भरते. म्हणून काळ्या रानाचा शेतकरी धीर धरायला शिकतो. माळाचा शेजारी पेरून मोकळा होतो, हा मात्र बांधावर बसून राहतो.

"आणि नाहीच थांबला, घातलं औत ओल्यात, तर काय होईल?" थोरल्याचा स्वभावच घाईचा.

तर वर्षभर पस्तावशील. ओली माती मऊ असते, तिला दाबलं की कण एकमेकांवरून घसरतात आणि मोठ्या पोकळ्या मिटून जातात. ओल्यात नांगरलेल्या तासाकडं नीट बघा. फाळानं कापलेली बाजू गुळगुळीत चकाकते. ती चकाकी म्हणजे बंद झालेल्या पोकळ्या. ऊन पडलं की त्याची अशी ढेकळं होतात की पुढं कुळवाच्या पाळ्यांवर पाळ्या घातल्या तरी फुटत नाहीत. ट्रॅक्टर तर काही टनांचा. त्याचं वजन चाकाखालच्या ओल्या मातीत खोलवर उतरतं आणि नांगराच्या तळाशी एक टणक थर तयार होतो. तो थर मूळ अडवतो, पाणीही अडवतो. वरची ढेकळं निदान दिसतात, हा थर दिसत नाही आणि कित्येक वर्षं जात नाही. अगदी कोरड्यात नांगरलं तर उलटं होतं. मोठी ढेपं निघतात, डिझेल जळतं, बैल दमतात. वाफशावर मात्र तीच माती फाळाला न चिकटता बाजूला पडते आणि आपसूक रवाळ होते.

आता मूठ बघून वाफसा कसा ओळखतात ते सांगतो. वरची माती बाजूला सारायची, कारण वरची कातडी फसवते, ती आधी सुकते. वीतभर खालची माती घ्यायची आणि मुठीत आवळायची. पाणी सुटलं किंवा हात बरबटला तर वाफसा नाही. गोळाच झाला नाही, बोटांतून भुकटी सांडली, तर वाफसा गेला. गोळा होतो, पण अंगठ्यानं टोचलं किंवा कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटून रवा होतो, तर औत जुंपा. काही म्हातारे तळहातावर मातीची बारीक वळी करून बघतात. वळी लांबत गेली तर अजून ओल जास्त, वळताना तुटली तर ठीक.

या वळीची एक मोठी कहाणी आहे. स्वीडनमध्ये काल्मार नावाच्या गावी आल्बर्ट आटरबर्ग नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. ते बियाणं आणि रासायनिक तपासणीच्या केंद्राचे प्रमुख होते. चिकणमाती कधी वाहते, कधी घडवता येते आणि कधी तुटते, हे मोजायचं कसं, या प्रश्नामागं ते लागले. १९११ साली त्यांनी मातीच्या अवस्थांच्या हद्दी ठरवून दिल्या. त्यातली एक हद्द अशी: माती हातानं वळून तिची बारीक वळी करायची आणि ती तुटायला लागेल त्या क्षणी तिच्यात किती पाणी आहे ते मोजायचं. पुढं १९३० च्या दशकात आर्थर कासाग्रांडे या अभियंत्यानं ही कसोटी पक्की केली. आज ती वळी ३ मिलिमीटर जाडीची करतात. धरण बांधायचं असो, रस्ता असो की इमारतीचा पाया, जगभर माती आधी या कसोटीतून जाते. आपल्याकडं अभियांत्रिकी शिकणारी मुलं प्रयोगशाळेत काचेवर मातीच्या वळ्या करत बसतात, ती हीच परीक्षा. आणि मशागतीचा अभ्यास करणाऱ्यांना असं आढळलं की जमीन सर्वांत छान भुसभुशीत होते ती या हद्दीच्या किंचित खाली पाणी असताना. आपल्या म्हाताऱ्यांच्या तळहाताला जे कळत होतं, तेच काचेवर सिद्ध झालं.

पण बाळांनो, वाफसा नुसता औतासाठी नाही. तो त्याहून जास्त मुळासाठी आहे. मूळ श्वास घेतं. पानासारखं हिरवं नसल्यानं त्याला स्वतःचा प्राणवायू तयार करता येत नाही, तो मातीतल्या हवेतून घ्यावा लागतो. प्राणवायू हवेतून जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो. रान तुंबलं की मातीत उरलासुरला प्राणवायू मुळं आणि सूक्ष्मजीव मिळून एखाद-दोन दिवसांत संपवतात. मग मूळ गुदमरतं. प्राणवायू असताना साखरेच्या एका रेणूतून पेशीला ऊर्जेच्या तीसेक पुड्या मिळतात, नसताना फक्त दोन. एवढ्याशा ऊर्जेवर मूळ काय काम करणार? त्याच्या पेशींतली पाणी आत घेणारी दारं बंद होतात. आणि मग एक अजब दृश्य दिसतं. तूर किंवा कपाशी घोटाभर पाण्यात उभी असते आणि तिची पानं मात्र दुष्काळात मलूल व्हावीत तशी खाली लोंबतात. पाणी पायाशी आहे, पण वर चढत नाही.

त्यातच पीक पिवळं पडतं. शेतकरी म्हणतो, खत वाहून गेलं. काही वाहून जातंही. पण काही नत्र हवेत उडून जातं. मातीत असे जिवाणू आहेत की ज्यांना प्राणवायू मिळेनासा झाला की ते नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि राहिलेला नायट्रोजन वायू होऊन निसटतो. विकत आणून घातलेलं खत असं डोळ्यांदेखत आभाळात जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. पाणी उतरलं, वाफसा आला, हलकी कोळपणी झाली की हवा आत जाते, मुळं पुन्हा कामाला लागतात आणि चार-आठ दिवसांत रान हिरवं दिसू लागतं. "वाफसा आला आन् पिकानं मान वर काढली" असं लोक बोलतात, त्यामागं हे सगळं असतं.

बियाण्याचंही तेच. सोयाबीनचा दाणा उगवायला स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी पितो. पाणी प्यायला की त्याचा श्वास एकदम वाढतो. तेव्हा भोवती चिखल असला तर तो कुजतो आणि भोवती अर्धीमुर्धी ओल असली तर फुगून, कोंब काढून सुकतो. म्हणून कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. एका सरीनं वरची चार बोटं भिजतात, खाली कोरडंच असतं. त्यावर भरवसा ठेवून पेरलं तर दुबार पेरणी नशिबी येते आणि दुबार पेरणीनं किती घरं कर्जात बुडाली, ते आपल्या गावांना माहीत आहे.

"पण आबा, भात तर पाण्यातच असतो!" धाकटीनं बरोबर पकडलं.

शाबास. भाताची तऱ्हाच वेगळी. कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियाकडं लोक मुद्दाम चिखलणी करतात. मातीतल्या मोठ्या पोकळ्या मोडून टाकायच्या, म्हणजे खाचरातलं पाणी खाली मुरत नाही. वाफशाच्या शेतीत जे पाप, तेच इथं पुण्य. मग भाताचं मूळ जगतं कसं? भाताच्या देठात आणि मुळात पोकळ वाटा असतात, पानाकडून हवा त्या वाटांनी थेट मुळाच्या टोकापर्यंत जाते. पुरावा हवा असेल तर खाचरातलं एक रोप उपटा आणि मुळं हलकेच धुवा. मुळांवर तांबूस थर दिसेल. खाचरातल्या चिखलात लोह विरघळलेलं असतं. मुळातून झिरपणाऱ्या प्राणवायूनं त्याचा गंज होतो आणि तो मुळावरच बसतो. म्हणजे भाताचं मूळ चिखलातसुद्धा आपल्यापुरता वाफसा घेऊन हिंडतं! आणि भात कापून झाला की त्याच खाचरात रायगडकडचे शेतकरी उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. तिथं पुन्हा वाफसा बघावाच लागतो.

आता सोलापूरकडं चला. तिथं ज्वारी पावसाळ्यात नव्हे, पावसाळा सरताना पेरतात. हस्ताचा पाऊस झाला, रान वाफशावर आलं की तिफण धरायची. त्यानंतर पाऊस आला तर आला, नाही तर नाही. खोल काळ्या मातीनं मीटरभर खोलीत दीड-दोनशे मिलिमीटर पाणी साठवलेलं असतं आणि ज्वारीची मुळं त्याच्या मागं मागं खाली उतरतात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी अशीच मातीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या थंडीवर पोसली जाते. तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण साठवलेलं पाणी राखावं लागतं. सोलापूरचं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ पासून याच कामात आहे. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करा, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. तणं जातात हे तर खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वरच्या दोन-तीन बोटं मातीतले बारीक रस्ते तुटतात. खालून वर चढणाऱ्या पाण्याची वाट तिथंच संपते आणि भुसभुशीत थर पांघरूण म्हणून पडून राहतो. आठव्या आठवड्यातली कोळपणी भेगा बुजवते. भेग उघडी राहिली तर तिच्या दोन्ही बाजूंनी ओल उडून जाते आणि मुळंही तुटतात. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' असं शेतकरी म्हणतात. भौतिकशास्त्राचा एक धडा त्या एका ओळीत आहे.

हा शब्द आता महाराष्ट्राबाहेरही गेलाय बरं का. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीचा प्रचार केला आणि बीजामृत, जीवामृत, आच्छादन यांच्या जोडीला वाफसा हे चौथं सूत्र मांडलं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पद्धतीवर चर्चा खूप झाल्या, होत राहतील. पण आंध्रापासून हिमाचलापर्यंतच्या शेतकऱ्यांच्या तोंडी आपला हा बांधावरचा शब्द जसाच्या तसा बसला, हे मात्र त्यांच्यामुळं झालं.

आता तुमच्या काळाचं बोलू. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. पाऊस थोड्या दिवसांत पुष्कळ पडतो आणि मग लांब दडी मारतो. म्हणजे रान एक तर तुंबलेलं असतं, नाही तर भेगाळलेलं. मधले वाफशाचे दिवस थोडेच राहतात. म्हणून आता रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरायला सांगतात. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, वरंब्यावर लवकर वाफसा येतो आणि पाऊस ताणला तर सरीत मुरलेली ओल कामाला येते. शेणखत, पालापाचोळा, गांडुळं ही जुनी माणसंही तेच काम करतात. ती मातीत मोठ्या पोकळ्या तयार करतात, म्हणजे पाणी उतरायला आणि हवा शिरायला वाट मिळते. वाफसा आणता येत नाही हे खरं, पण तो लवकर यावा आणि जास्त टिकावा अशी जमीन राखणं आपल्या हातात आहे.

घाईचं दडपणही मी जाणतो. भाड्याचा ट्रॅक्टर आज मिळतोय, उद्या मिळेल याचा नेम नाही. शेजारी पेरून बसलेला असतो, घरातली माणसं विचारत राहतात. अशा वेळी माती अजून तयार नाही, असं ठामपणे म्हणायला अनुभव लागतो. तो अनुभव पुस्तकात सापडत नाही, तो हाताला असतो. आपल्या घरातल्या, भावकीतल्या ज्या म्हाताऱ्यांच्या हाताला तो आहे, त्यांच्याबरोबर पाऊस उघडल्यावर एकदा रानात जा. ते माती कुठून उचलतात, किती आवळतात, काय बघून मान हलवतात, ते शिकून घ्या आणि विचारायला लाजू नका. शहरात राहत असाल तर गॅलरीतल्या कुंडीपासून सुरुवात करा. रोज सवयीनं तांब्याभर पाणी ओतू नका, आधी बोट दोन पेरं आत खुपसून बघा. बोटाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नका. झाडाला पाण्याइतकीच हवा लागते.